आगाऊ बातमी

पुनम गेली हे मला एका शब्दावरून कळलं.

मी एसटीत होतो. पुनम नांदेडच्या दवाखान्यात डेंग्यूनं पडून होती. तिला बदलायला गाऊन हवे होते म्हणून मी गावाकडे आलो होतो आणि पिशवी भरून परत निघालो होतो. पिशवीत दोन गाऊन, खोबरेल तेलाची बाटली आणि त्या दिवशीचा पेपर. कळमनुरी मागे पडली आणि फोन वाजला. बालाजीचा होता.

"कुठवर आले, दाजी?"

बालाजी तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमचं लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी दाजी म्हटलं नव्हतं. 'पत्रकार' म्हणायचा, तेही असं की समोरच्याला हसू यावं. त्या दिवशी दाजी म्हणाला.

"सावकाश या," तो म्हणाला. "मी हाय इथं."

तो होता तिथं. मी खिडकीशी बसून सोयाबीन बघत होतो आणि तिच्या उशाशी तो होता. दुःखात माणसाला असलं काही सुचू नये म्हणतात. मला सुचलं, आणि अजून सुचतं.

मी एका दैनिकाचा गावचा वार्ताहर आहे. सेनगाव तालुक्यात आमचं गाव. नाव लिहीत नाही, बातमीत लिहिलं होतं तेवढं पुरे. थोडी शेती आहे, जोडीला हे. हिंगोलीच्या कार्यालयात उत्तमराव बसतात. आम्ही पाठवलेला मजकूर तेच कापतात आणि जागेत बसवतात. माती झाल्यावर त्यांचा फोन आला.

"विश्वंभर, निधन वार्ता तुमीच पाठवा. मी जागा ठेवतो."

गावातल्या किती जणांच्या निधन वार्ता मी लिहिल्या. चार ओळींचं काम आहे. पश्चात पती, एक मुलगी असा परिवार आहे. लिहायला बसलो, पण पहिल्या शब्दाशीच अडलो. नावाच्या आधी 'सौ.' लिहायचं होतं. तिथून पेन पुढे जाईना, कारण आमचं सगळं त्या एका अक्षरातून सुरू झालं होतं. म्हणून आधी ते लिहितो.

*

तेव्हा लग्नाचा विचार नव्हता, बातमीचा होता. त्या दिवशी तीही मिळाली नव्हती. आठवडी बाजार भरला होता आणि वरून भुरभुर चालू होती. सगळ्यांनी ताडपत्र्या ताणल्या होत्या. मी भाव विचारत फिरत होतो. भाजीच्या ओळीत एका मुलीनं कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला हात उडवला आणि अर्धं पाणी माझ्या खिशातल्या फोनवर आलं.

"दिसत न्हाई का तुमाला?" मी म्हणालो.

"दिसते की. तुमी दिसले, म्हणून तर हात थांबवला. न्हाई तर पूर्ण आलं असतं."

"पाऊस चालू असताना कोथिंबिरीला पाणी कशाला मारता?"

"पाऊस ताडपत्रीवर पडून राहिला. कोथिंबीर ताडपत्रीखाली हाय." तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "तुमी मास्तर हाव का?"

"वार्ताहर आहे. पेपरचा."

"मंग लिवा की. भाजीवालीनं वार्ताहराला भिजवलं."

शेजारून लक्ष्मीबाई हसली. लक्ष्मीबाई आमच्याच गल्लीतली, भाजी विकते. तिचा हात मोडला होता, प्लास्टर गळ्यात बांधलं होतं. "इसंभरा, माझ्या भैनीची पोरगी हाय ती. कनेरगाव नाक्याची. हात धड होईपर्यंत आणून ठेवली. तिच्या तोंडी लागू नको बाबा, बारावी झालेली हाय."

ओठ सुकले होते तिचे. मला वाटलं, सकाळपासून बसली असेल, चहा सांगावा. समोरच हॉटेल होतं. मी दोन कट सांगितले. तिनं पेला बघितला आणि हळूच मावशीकडे सरकवला.

"मला नको."

"घ्या की. भिजवल्याबद्दल काही म्हणणार नाही मी."

"आज बाजार हाय," ती म्हणाली, जणू त्यातच सगळं आलं.

मला काही कळलं नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो, पुन्हा चहा सांगितला. तिनं पुन्हा मान हलवली. त्याच्या पुढच्या वेळी मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, थंडगार. तिनं ती कपाळाला लावली, गालाला लावली, डोळे मिटले... आणि बूच न उघडता मला परत दिली.

मी समजलो. माझ्या हातचं तिला काही नको होतं.

*

त्याच दिवशी उतरत्या उन्हात मी बघितलं. बाजाराच्या कडेला पांढरी जीप उभी होती, आणि जीपला टेकून ती उसाचा रस पीत होती. भरलेला ग्लास. शेवटचा थेंबसुद्धा तिनं ग्लास उलटा करून घेतला. समोर एक जण उभा होता. गॉगल, हातात माइक, माइकला निळा डबा. आमच्याकडे आता असे बरेच झालेत. यूट्यूबवर स्वतःचं चॅनल असतं आणि सरपंचापासून सगळे त्यांना चहा पाजतात. आम्ही चार ओळींसाठी उत्तमरावांच्या विनवण्या करतो. त्यांना जागेची अडचण नसते.

ती हसत होती. तो काही सांगत होता आणि ती हसत होती. मग दोघं जीपमध्ये बसून निघून गेली.

मी तिथंच एक ग्लास रस सांगितला. त्यात लिंबू जास्त होतं का मलाच आंबट लागला, सांगता येत नाही.

पुढच्या बाजाराला मी चहा सांगितला नाही. वांगी बघत उभा राहिलो. वांगी मला आवडत नाहीत.

"काय झालं वार्ताहर? आज कट न्हाई?" तिनं विचारलं.

"तुम्ही रस पिणाऱ्या. चहा कशाला विचारू?"

तिचा हात तराजूवर थांबला. मग ती खाली बघून वजन लावू लागली, पण गालात हसू होतं ते मला दिसलं. "बघितलं व्हय तुमी?"

"बाजार सगळ्यांचा आहे. दिसलं."

"बालाजी हाय तो."

"असेल."

"माझ्या आत्याचा पोरगा."

एवढं बोलून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं ती काय बोलली ते. आमच्याकडे आत्याचा पोरगा म्हणजे नुसता भाऊ नसतो. मामाच्या पोरीवर त्याचा पहिला हक्क धरतात. नातं ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. कुणी मोडलं तरच बोलायचं. मी एक वांगं उचललं, ठेवलं, दुसरं उचललं.

"दाबून नका बघू," ती म्हणाली. "नरम पडतेत."

"त्याच्या हातचं चालतं. माझ्या हातचं पाणी चालत नाही."

हे माझ्या तोंडून निघायला नको होतं, पण निघालं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"त्याची जीप हाय, वार्ताहर. रस पिला अन् त्यानं मला सीधं मावशीच्या घरी सोडलं. अन् पुन्हा आणून सोडलं. तुमच्या हातचं पाणी पिऊन मी कुठं जाऊ? इथं जागा हाय का?"

मी हातातलं वांगं खाली ठेवलं.

"सकाळी भाकर खाल्ली की पाणी बंद. मावशी बी तशीच, त्या काकू बी तशाच. सांज होऊस्तर. बाजाराच्या दिवशी बाया पाणी पीत न्हाईत. तुमाला ठाऊक न्हाई?"

मी या बाजारात लहानाचा मोठा झालो होतो. भाव लिहिले, भांडणं लिहिली, बैल पळाला ते लिहिलं. हे मला ठाऊक नव्हतं.

"अन् ते काय हाय?" तिनं बोट दाखवलं. बाजाराच्या टोकाला पिवळी खोली होती, दारावर 'महिला शौचालय', दाराला कुलूप.

"ते... बंद असतं."

"काहून बंद असते?"

ती कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाली, "वार्ताहर ना तुमी? विचारा मंग."

*

मी विचारलं. ग्रामपंचायतीत किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगेना. खिडकीच्या फटीतून आत बघितलं तर मोडक्या खुर्च्या आणि फवारणीचे पंप रचलेले. बातमी तयार होती, पण एक अडचण होती. बायका माझ्याशी या विषयावर बोलेनात. मी जवळ गेलो की पदर तोंडाला लागायचा.

"तुमी असं वही काढून उभे राहता, तलाठी आल्यावानी," पुनम म्हणाली. "मी विचारते. तुमी बसा त्या पोत्यावर अन् लिवा."

मग आमचं काम सुरू झालं. मी तिला सांगितलं, बातमीत कोण, काय, कुठं, कधी, का, कसं, हे सगळं आलं पाहिजे. आणि नावं पाहिजेत. 'काही महिलांनी सांगितले' असं लिहिलं की उत्तमराव बातमी बाजूला ठेवतात. खरी नावं, पूर्ण.

"नावं कोण देईल?" ती म्हणाली. "संडासाच्या बातमीत?"

"तेच तर."

तिनं पहिल्यांदा मावशीला गाठलं. लक्ष्मीबाईनं क्षणभर विचार केला. "लिव माझं. मी संडासाला जाते हे काय लपून हाय का गावाला?"

बांगड्या विकणारी कमरुन्निसा चाची पलीकडून ऐकत होती. "मेरा भी लिख बेटा. तीस साल से इसीच बाजार में बैठतूं, किसीने पूछा नई. नाम के आगे क्या लगाते तुम लोगां?"

मी सांगितलं. लग्न झालेल्या बाईला 'सौ.' लावतात. नवरा वारला असेल तर 'श्रीमती'. मुलगी असेल तर 'कु.'

"अन् बाप्याला?" शालूबाईनं विचारलं. ती लसूण विकायची, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"श्री."

"बायकू मेली तर?"

"तरी श्री.च."

"बराबर हाय," शालूबाई म्हणाली. "त्येचं काय बदलते." तिनं लसणाची टरफलं फुंकरली. "माझं श्रीमती लिव. चांगलं वाटते, पैसेवाली असल्यावानी."

सगळ्या हसल्या. पुनम माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. वहीत बघत म्हणाली, "अन् मला?"

"तुम्हाला कु."

"कू? गाडीनं शिटी मारल्यावानी वाटते. दुसरं काही न्हाई का?"

"दुसऱ्यासाठी लग्न करावं लागतं."

मी हे सहज म्हणालो, नियम म्हणून. ताडपत्रीत साठलेलं पाणी एका कोपऱ्यातून धार धरून पडत होतं. तिनं त्या धारेखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लिवा," ती म्हणाली. "पुढचं लिवा."

*

बातमीला फोटो पाहिजे होता, कुलपाचा. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचं कोथिंबिरीचं पाणी शिरलं होतं. तेव्हापासून फोटो काढला की धुकं यायचं, बॅटरीही टिकत नव्हती. मी म्हणालो, पुढच्या बाजारापर्यंत दुरुस्त करून आणतो.

"कशाला? बालाजी येऊन राहिला ना," पुनम म्हणाली.

तो आला. गॉगल डोक्यावर चढवला आणि मला म्हणाला, "काय पत्रकार, आमी कुलूप तोडायच्या टायमाला तुमी अजून लिवूनच राहिले?"

"कुलूप कुणी तोडलंय?"

"तोडू की. बाया कॅमेऱ्यापुढे आल्या की तुटते." तो बायकांकडे वळला, माइक पुढे केला, आणि एकेक पदर वर गेला. कमरुन्निसा चाचीनं तर बांगड्यांची टोपलीच तोंडासमोर धरली. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

पण मग त्यानं कुलपाचा फोटो काढला, आणि तो तिच्या फोनवर घेताना दोघांची डोकी एकाच पडद्यावर वाकली. तो बोटानं मोठं करून दाखवत होता. तिच्या वेणीची टोकं त्याच्या बाहीला लागत होती. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

लक्ष्मीबाई भेंडी निवडत माझ्या बाजूला सरकली. "जोडा बरा दिसते न्हाई रे? बालाजीच्या मायनं बोलणं लावलं हाय. येत्या आयतवारी येऊन राहिले ते."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? मागणी घालायला."

माझ्या फोनची बॅटरी उतरली होती, आणि मजकूर त्याच दिवशी हिंगोलीला जायला हवा होता. पुनम म्हणाली, मी माझ्या फोनवर टाईप करते, तुमी वाचा. मी वहीतून वाचत गेलो आणि ती लिहीत गेली. तिचा अंगठा भराभर चालायचा. मध्ये मध्ये ती माझी वाक्यं दुरुस्त करायची. 'तीव्र नाराजी व्यक्त होत आहे' असं मी वाचलं तर म्हणाली, "हे काहून? बाया पाणी पीत न्हाईत एवढंच लिवा. नाराजी वाचणाऱ्याला येऊ द्या."

शेवटी नावं राहिली. तेवढ्यात पलीकडून बालाजीनं मला हाक मारली. ग्रामपंचायतीचा माणूस आला होता, प्रतिक्रिया घ्यायची होती. मी वही तिच्याकडे दिली. "नावं तुम्ही घाला. जशी आहेत तशी."

"जशी हायत तशी," ती म्हणाली.

परत आलो तेव्हा तिनं पाठवून दिलं होतं. मी वाचायला मागितलं. तिनं फोन ओढणीत गुंडाळला. "पेपरात वाचा. येवढी काय घाई."

*

बातमी शनिवारी आली. तीन कॉलम, कुलपाचा फोटो मोठा. 'बाजाराच्या दिवशी महिला पाणी पीत नाहीत.' खाली 'वार्ताहर'. मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या वाचली. शेवटच्या ओळीशी आलो.

'...असे सौ. लक्ष्मीबाई, कमरुन्निसा बी, श्रीमती शालूबाई व सौ. पुनम यांनी सांगितले.'

सौ. पुनम.

मी ते पुन्हा वाचलं. मग पेपर घडी केला, पुन्हा उघडला, पुन्हा वाचलं. कुणाची सौ.? आयतवार अजून उजाडला नव्हता. म्हणजे मागणीच्या आधीच सगळं ठरलं होतं? का जीपमधून ती दोघं भलतीकडेच जात होती? माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते मी लिहीत नाही.

मी उत्तमरावांना फोन लावला.

"नावं काहून कापली?"

"जागा न्हवती. आडनावं काढली, पयली ठेवली. बातमी तर तीन कॉलम दिली ना तुमची?"

"ते ठीक. पण त्या एका नावाला सौ. कुणी लावलं?"

"मी कशाला लावू? आलं तसं घेतलं."

आलं तसं. म्हणजे तिनंच लिहिलं होतं. जशी आहेत तशी, असं मीच तिला सांगितलं होतं.

रविवारी मी शेतावर गेलो आणि दिवसभर काही कारण नसताना धुऱ्यावरचं गवत काढलं. रस्त्यानं पांढरी जीप गावाकडे गेली. नंतर वापस गेली. दोन्ही वेळा मी मान वर केली नाही, पण दोन्ही वेळा कळलं.

*

पुढच्या बाजाराला जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो.

पिवळ्या खोलीचं कुलूप निघालं होतं. खुर्च्या बाहेर पावसात पडल्या होत्या. आत नळ जोडलेला नव्हता, दाराशी एक पाण्याचा ड्रम आणि दोन बादल्या ठेवल्या होत्या, पण दार उघडं होतं. बाजारात बायकांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटत होता. शालूबाई मला बघून म्हणाली, "बातमीवाल्या, मी आज तीनदा चहा पिले. उगंच."

पुनम टमाटे रचत होती. मी समोर उभा राहिलो.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"तुमचं बी."

"माझं कशाचं? बातमी सगळ्यांची आहे. मी तुमचं म्हणतोय."

"माझं कशाचं?"

"पेपरात वाचलं."

"काय वाचलं?"

"सौ. वाचलं." आवाज मला पाहिजे होता तसा निघाला नाही. "सांगायचं तरी होतं. मी काय... मी काही म्हणणार नव्हतो. बालाजी चांगला आहे. जीप आहे."

तिनं एक टमाटा वर ठेवला. तो घसरला, तिनं पुन्हा ठेवला. "व्हय. जीप हाय."

"मग झालं तर."

"आत्या आली व्हती आयतवारी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी न्हाई म्हणलं."

मला आधी ऐकू आलं, मग कळलं. मध्ये बराच वेळ गेला असावा, कारण एक गिऱ्हाईक येऊन पाव किलो टमाटे घेऊन गेलं.

"मग ते सौ...?"

तिनं ओढणीतून फोन काढला, अंगठ्यानं काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. हिंगोलीला पाठवलेला मजकूर होता. "वाचा. शेवटची ओळ. मोठ्यानं वाचा, तुमाला सवय हाय."

मी वाचायला लागलो. "असे सौ. लक्ष्मीबाई नामदेव इंगोले, कमरुन्निसा बी शेख महेबूब, श्रीमती शालूबाई संतराम खिल्लारे व सौ. पुनम..."

पुढचं मला मोठ्यानं वाचता आलं नाही.

'सौ. पुनम विश्वंभर कावरखे.'

विश्वंभर कावरखे मी आहे.

"तुमच्या पेपरवाल्यानं माझं अर्धं लगीन कापलं," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती माझ्याकडेच बघत होती. "मला काय ठाऊक, तिथं जागा कमी असते म्हणून."

"पण हे... पुनम, हे खोटं आहे. बातमीत खोटी माहिती देत नाहीत."

"खोटी न्हाई. आगाऊ हाय."

मी हसलो. ती हसली नाही. टमाट्यांवरून हात फिरवत बसली. तिनं सगळं आधीच लिहून टाकलं होतं, आणि आता वाट बघायची होती ती तिलाच.

"दुरुस्ती छापायची असंल तर छापा," ती हळू म्हणाली. "कु. करा न्हाई तर पूर्ण नाव द्या. वार्ताहर तुमी हाव."

"कु. नको," मी म्हणालो. "शिटीसारखं वाटतं."

लक्ष्मीबाई पलीकडून म्हणाली, "काय गं, काय चाल्लंय? गिऱ्हाईक उभं हाय तिकडं."

"काही न्हाई मावशे. दुरुस्ती चालू हाय." मग पुनम माझ्याकडे वळली. "पाणी हाय का तुमच्याकडं?"

पिशवीत बाटली होती. तिनं बूच काढलं, मान मागे टाकली आणि घटाघटा पीत गेली. गळ्यावरून थेंब ओघळले, कुडत्यात गेले. अर्ध्यावर थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा प्याली. रिकामी बाटली मला परत दिली आणि मनगटानं तोंड पुसलं.

"आता चहा सांगा," ती म्हणाली.

*

दिवाळीनंतर लग्न झालं. बालाजीनं त्याचं शूटिंग केलं, त्याच्या चॅनलवर टाकलं. माझ्या पेपरात आलं नाही, कारण मी घरच्यांची बातमी देत नाही, तो माझा नियम होता. पुनम दर वर्षी एकदा तरी म्हणायची, "माझं पूर्ण नाव छापून आणा ना. एक बार उत्तमरावांनी कापलं, तेव्हापासून राहिलंच." मी म्हणायचो, आणू. बचत गटाची बातमी आली, त्यात तिनं भाषण केलं होतं. मी 'एका सदस्येने' असं लिहिलं. ती रुसली आणि त्या दिवशी मुद्दाम बालाजीला जेवायला बोलावलं. तिला माहीत होतं माझं कुठं दुखतं. मला घरी यायला उशीर झाला की ती फोनवर फक्त एवढंच म्हणायची, "सावकाश या. बालाजी आलाय, रस घेऊन." तो आलेला नसायचा. तरी मी धावत यायचो. मग मी चपला काढेपर्यंत ती दारात हसत उभी असायची. आता कुणी तसा फोन करत नाही.

माती झाल्यापासून बालाजी रोज येतो. आमच्या मुलीला, पुजाला, मांडीवर घेतो, तिला गाडी चालवायला शिकवल्यासारखं करतो. काल मी त्याला विचारलं, शेवटी ती काही बोलली का.

"विचारलं तिनं," तो म्हणाला. "वार्ताहर कुठवर आले, म्हणून."

"तू काय सांगितलं?"

"अंदाजानंच म्हणलं, कळमनुरी सोडली."

तिचं ते विचारणं त्याच्या कानात गेलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. याबद्दल मी त्याचा आयुष्यभर हेवा करीन. तो चांगला माणूस आहे, तरी करीन.

गावात कुणी कुणी विचारतं, आता कसं होईल. माझ्या नावाच्या आधी 'श्री.'च राहील, शालूबाईला सांगितलं होतं तसं. तिच्या नावाच्या आधीही 'सौ.' राहतं, नवऱ्याच्या आधी गेली म्हणून. बाजारातल्या खोलीत नळ अजून आलेला नाही, बादल्या आहेत.

उत्तमरावांनी आज पुन्हा फोन केला. जागा ठेवली आहे म्हणाले, पूर्ण नाव घेऊ, एक अक्षर कापणार नाही. मी बरं म्हणालो.

सौ. पुनम विश्वंभर कावरखे. कागदावर एवढं लिहून झालं आहे. बातमी पाठवायची राहिली आहे.